बादलनं खाल्लेला नाश्ता

आमच्या घरात नाश्ता ही गोष्ट पाहुण्यांसाठी होती. मखमलाबादच्या वाटेवर आमचा दीड एकराचा मळा, त्यात झेंडू आणि शेवंती, बांधाच्या कडेनं गुलाब, आणि मधोमध तीन खोल्यांचं घर. फुलं माणसासाठी थांबत नाहीत, असं दादा म्हणायचे. दादा म्हणजे माझे वडील. भाऊकाका आणि आत्या त्यांना दादा म्हणत, म्हणून आम्हीही. पहाटे साडेचारला ते अंगणात येऊन एकदाच खाकरायचे आणि तेवढ्यावर सगळं घर उठायचं. मग बॅटऱ्या, ओले पाय, पाठीवर गोणपाट, कात्र्यांचा कचकच आवाज, आणि अंधारात भाऊकाकाचं अखंड बोलणं. काकाचं लग्न व्हायचं होतं आणि ते का होत नाही यावर त्याच्याकडे रोज एक नवीन कारण असे. फुलं तोडताना आम्ही ते ऐकायचो. सहाला शेजारच्या मळ्याचा टेम्पो यायचा, दादा आणि काका करंड्यांसकट त्यात चढून नदीकाठच्या फुलबाजारात जायचे, माझी धाकटी बहीण मंगल चहात बुडवलेली अर्धी पोळी खाऊन सकाळच्या शाळेत पळायची, आणि घरात राहायचो आई आणि मी. माझी शाळा अकराची.

तो सकाळचा वेळ माझा होता. आई चूल पेटवायची, दादा-काकांसाठी भाकऱ्या थापायची, सोबत पिठलं नाहीतर वांग्याचं भरीत. टेम्पो साडेनऊला दुसरी खेप करायचा, त्याच्याबरोबर डबा बाजारात जायचा. तोवर ती दोन माणसं निव्वळ चहावर, आणि शाळेतली मंगल त्या अर्ध्या पोळीवर. पण तव्यावरची पहिली भाकरी माझी. पापुद्रा फुगायचा, आई तो नखानं उचलून आत लोण्याचा गोळा सोडायची, आणि मी चुलीजवळच्या पाटावर बसून तिला वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवायचो. ती बारावी झालेली होती, तिला स्वतःला वाचता येत होतं, पण हात पिठात असत. बातमी संपली की ती म्हणायची, "आता छोट्या जाहिराती वाच." हरवले-सापडलेमध्ये तिला फार गोडी होती. कुणाचा पोपट उडाला, कुणाची पत्रिका रिक्षात राहिली. आम्ही दोघं त्या माणसांच्या गोष्टी रचायचो आणि हसायचो. तेराव्या वर्षी माणूस आईजवळ बसतो हे मित्रांना सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून मी कुणाला सांगितलं नाही. पण दिवसभरातलं सगळ्यात चांगलं ते तेवढंच होतं.

त्या पावसाळ्यात दिघेबाईंचा निरोप आला. पंचवटीत त्या एक बालवाडी चालवायच्या. त्यांच्याकडची एक ताई लग्न होऊन गेली होती आणि कुणीतरी आईचं नाव सुचवलं होतं. वेळ सकाळी साडेआठ ते साडेअकरा. आईनं ही गोष्ट दादांना जेवताना सांगितली, आणि सांगताना ती इतक्या वेळा पदर सारखा करत होती की मंगल म्हणाली, "आई, तुला खाज येतेय का?"

दादा वाईट माणूस नव्हते. त्यांनी घास संपवला, पाणी प्याले आणि म्हणाले, "जा की. पण मग सकाळचा डबा? फुलं, पाणी, झाडलोट उरकून भाकऱ्यांना बसायलाच तुला आठ वाजतात."

"रात्रीच करून ठेवीन."

"रात्रीची भाकरी सकाळी दहाला? बाजारात ती दगडासारखी होते. आम्ही झेंडू विकायचा का ती फोडत बसायचं?"

"मी तर म्हणतो वहिनी, तुम्ही जा," काका म्हणाला. "मी उपाशी राहतो. बारीक झालो तर स्थळ येईल."

दादा हसले, पण शेवटी अट घातलीच. गणपतीचे दहा दिवस तोंडावर होते. फुलाला वर्षातली सगळ्यात जास्त मागणी, पहाट तीनला सुरू होणार. "या दहा दिवसांत टेम्पोबरोबर डबा न पाठवता घर चाललं, कुणी उपाशी राहिलं नाही, तर पुढं कायमच चालेल. मग माझी काही ना नाही." आई लगेच हो म्हणाली. मला कुणी विचारलं नाही.

उपाय आणला शकुआत्यानं. आत्या, म्हणजे दादांची धाकटी बहीण, एका दवाखान्याच्या स्वयंपाकघरात कामाला होती. तिच्याकडे दवाखान्यातल्या आजारांपेक्षा दवाखान्यातल्या खाण्याच्या बातम्या जास्त असत. ती आली ती दोन पुडे घेऊन, ओटचे. आज हे लिहिताना कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातसुद्धा ओटच्या पुड्यांची भिंत आहे आणि माझी मुलगी रोज सकाळी ते दह्यात कालवून खाते. तेव्हा मात्र आम्ही सगळे त्या पुड्याभोवती असे जमलो होतो जणू आत जिवंत काहीतरी आहे.

"हे काय?" दादांनी चिमूटभर तळहातावर घेतलं. "कोंडा?"

"ओट. आमच्याकडे पेशंटला देतात. पोटाला लय आधार."

"अगं, हे घोड्याचं खाणं आहे. मी वाचलंय. रेसच्या घोड्यांना देतात."

"मग तू काय दुसरं करतोस दादा? पहाटे तीनपासून पळतोसच की."

आत्याचं म्हणणं असं, की याची बिस्किटं करायची. आठ-दहा दिवसांची एकदम करून पत्र्याच्या डब्यात भरायची, सकाळी निघताना ज्यानं त्यानं तीन-तीन खिशात टाकायची आणि वर चहा. "एकदा खाल्लं की अकरापर्यंत पोट हूं की चूं करत नाही. आमच्या रात्रपाळीच्या नर्सा त्यावर चालतात." आई ऐकता ऐकता मनात प्रमाण जुळवत होती हे तिच्या बोटांवरून दिसत होतं. दोन वाट्या ओटांना एक वाटी कणीक, गूळ, साजूक तूप, सुंठ, आत्याच्या दिंडोरीच्या सासरचे बेदाणे. तिनं ओट लोखंडी कढईत मंद भाजले. घरभर असा वास सुटला, की काका शेतातून आत आला आणि म्हणाला, "घोड्याचा जन्म वाईट नाही." मग तिनं ते मिक्सरमधून भरड काढून एका डब्यात भरले.

घरी भट्टी कुणाकडेच नव्हती. तेव्हाची पद्धत अशी, की आपलं साहित्य बेकरीत न्यायचं आणि तिथून बिस्किटं करून आणायची. दिवाळीआधी तर नानकटाईसाठी बेकरीसमोर डब्यांची रांग लागायची. तुम्ही पीठ, साखर, तूप द्यायचं, ते मळणार, पाडणार, भाजणार. आणि या सगळ्यात प्रत्येक घरातलं एक माणूस तिथं बसवलेलं असे. कशासाठी, तर तुपावर लक्ष ठेवायला. आपलं साजूक तूप बाजूला सरून त्यात डालडा जाऊ नये म्हणून. बेकरीवाल्याला हे माहीत असे, बसणाऱ्याला माहीत असे, आणि दोघंही ते हवापाण्यावर बोलून झाकत. आमच्या घरातून ही नेमणूक माझी झाली. आईनं सायकलच्या मागे पिशवी बांधली, पुढे हँडलला ओटचा डबा अडकवला आणि मला दोनदा बजावलं, "विजू, तुपावरून नजर हलवायची नाही. लघवीला गेलास तरी तूप बरोबर न्यायचं."

बेकरी करीमचाचांची, पंचवटीत. पुढे काचेच्या बरण्या, मागे अंधारी खोली आणि तिच्या भिंतीत लाकडाची भट्टी. माझ्या आधी एका बाईंची नानकटाई चालू होती, म्हणून चाचा म्हणाले, "बैठ बेटा, अर्धा तास लागेल." मी बाहेर पायरीवर बसलो. तूप मांडीवर, ओटचा डबा बाजूला. आणि समोर, टांगा स्टँडवर, एक पांढरट करडा घोडा उभा होता. त्याचा मालक हॉटेलात चहा पीत होता. घोडा माझ्याकडे बघत होता. खरं तर डब्याकडे.

आता इथे मला थांबून नीट सांगायला हवं. हा किस्सा आमच्या घरात इतकी वर्षं सांगितला जातो, जावई आला की सांगितला जातो, बारशाला सांगितला जातो, आणि त्यात माझी बाजू अशी असते की दादा घोड्याचं खाणं म्हणाले म्हणून पोराला लाज वाटली आणि पोरानं ते घोड्याला घातलं. सगळे हसतात, मीही हसतो. पण ते खरं नाही. मला लाज बिज वाटली नव्हती. मी त्या पायरीवर बसून सरळ हिशेब केला होता, की ही बिस्किटं जमली तर सकाळी साडेआठला आई घरात नसेल, आणि नाही जमली तर असेल. याहून जास्त काही माझ्या डोक्यात नव्हतं. मी उठलो, डब्याचं झाकण काढलं आणि तो घोड्याच्या तोंडासमोर धरला.

इतकं खूष झालेलं जनावर मी नंतर पाहिलं नाही. आधी त्यानं नाकपुड्या फुलवून एकदा फुंकर मारली, त्यानं माझ्या पापण्या पांढऱ्या झाल्या. मग तोंड घातलं ते पार डोळ्यांपर्यंत. डब्यातून असा आवाज येत होता जणू पाण्यात कुणी मोठा दगड गुडगुड फिरवतंय. माझ्या हातात तो डबा उड्या मारत होता. मला भीती वाटायला हवी होती, पण कसलं काय, मला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तेवढ्यात टांगेवाला बाहेर आला. रामभाऊ त्याचं नाव.

"आरं, काय घालतो रं पोरा?"

"ओट."

"काय असतं ते?"

"घोड्याचं खाणं."

"मग बराबर हाय," रामभाऊ म्हणाला आणि बिडी शोधायला लागला. घोडा डब्याचा तळ चाटत होता. "बादल नाव हाय त्याचं. लय गुणी. पण असं काय आजपातुर कुनी घातलं नव्हतं त्याला."

आत गेल्यावर मी चाचांना सांगितलं की ओट सांडले. त्यांनी माझ्या पापण्यांकडे पाहिलं. एवढ्या तुपाला नुसती आणलेली कणीक पुरणार नव्हती, म्हणून त्यांनी स्वतःच्या पोत्यातला मैदा घातला आणि म्हणाले, "पण आईला सांग हां. नाहीतर तिला वाटेल करीमनं बदललं." मी मान डोलावली. बिस्किटं झाली ती अशी देखणी, की मलाच वाईट वाटलं. सोनेरी, कडेला किंचित तांबूस, तोंडात टाकली की विरघळणारी. तूप मी शेवटपर्यंत राखलं. त्या कामात माझ्याकडून काही कसूर झाली नाही.

घरी सगळे वेडे झाले. काकानं उभ्याउभ्या सात खाल्ली. दादा म्हणाले, "घोडे मजेत असतात म्हणायचे." आईनं एक बिस्किट हातात फिरवून फिरवून पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मी परसात गेलो आणि उगाच हौदातलं पाणी काढून झाडांना घातलं. तिनं ओटाची बिस्किटं आयुष्यात कधी पाहिली नव्हती. ती अशीच असतात असं तिला वाटलं.

गणपती बसले. पहाटे तीनला टोपलीभर बिस्किटं आणि चहाचा टोप अंगणात यायचा, आणि पहिल्या दिवशी तर जत्राच. पण मैदा आणि तूप ते किती वेळ टिकणार? काकाला आठला भूक लागली. दुसऱ्या दिवशी त्यानं सहा खाल्ली आणि साडेसातला लागली. तिसऱ्या दिवशी दादा आणि काका बाजारातल्या हॉटेलात मिसळ खाऊन आले आणि आईला दिसू नये म्हणून दोघांनी तोंडं धुतली, पण काकाच्या शर्टावर तर्रीचा नकाशा होता. चौथ्या दिवशी मंगल शाळेत प्रार्थनेला उभी असताना खाली बसली. काही झालं नाही, बाईंनी साखरपाणी दिलं, पण ती घरी येऊन म्हणाली, "आई, गोड गोड वाटतं आणि मग पोटात काहीच नसतं." त्या रात्री आई डबा पुढ्यात घेऊन बसली होती. माझं प्रमाण चुकलं असेल, ती म्हणाली. भाजताना जास्त झालं असेल. शकू म्हणाली होती दोन वाट्या, मी भरड केली म्हणून तर नसेल? मी तिच्यासमोर बसून गृहपाठ करत होतो.

पाचव्या दिवशी तिनं पुन्हा चूल पेटवली. गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी चांगली साडी नेसून ती दिघेबाईंकडे गेली आणि नाही म्हणून आली. आल्यावर साडीची घडी घालून ती कपाटात ठेवली आणि म्हणाली, "चला, एक बरं झालं. रोज इस्त्रीचा त्रास वाचला." दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखी पहिली भाकरी माझ्या पानात पडली, पापुद्र्यात लोणी. मला घास गिळवला नाही असं लिहायला मला आवडलं असतं. पण मला ती भाकरी फार गोड लागली. मी दुसरी मागून घेतली. आणि छोट्या जाहिराती वाचायला लागलो तेव्हा आई ऐकत होती, पण हसत नव्हती.

अनंत चतुर्दशीच्या आदल्या सकाळी आम्ही सगळेच फुलबाजारात होतो, कारण माल इतका होता की दोन हात पुरणार नव्हते. मंगलला शाळेला सुट्टी होती, तीही आली होती. नदीकाठी झेंडूचे ढीग, गोण्या, माणसं, ओरडा, ढोलांचा सराव. दहाच्या सुमाराला गर्दी जरा ओसरली, आणि तेवढ्यात टांग्यांच्या रांगेतून एक टांगा आपला आपण निघाला. टांग्यात कुणी नव्हतं. घोडा शांतपणे, कुणालाही धक्का न देता, गोण्यांच्या मधून वाट काढत सरळ आमच्याकडे आला आणि त्यानं माझ्या छातीवर डोकं टेकवलं. मग खिसे हुंगले. मग माझ्या हातातली रिकामी करंडी त्यानं आपल्याकडे वळवली आणि तिच्यात तोंड घातलं. मागून रामभाऊ धोतर सावरत धावत आला.

"ह्योच! ह्योच तो पोरगा!" तो दादांना म्हणाला. "तुमचा का? आवो, ह्यानं माझ्या घोड्याची वाट लावली. डबाभर ते हे, काय त्ये, ओट खायला घातलं. तवापासनं गवताला तोंड लावना. बेकरीपुढं आला की उभाच ऱ्हातो. गिऱ्हाईक बसल्यालं असतं अन् ह्यो हालत नाय. लोक म्हनत्यात, रामभाऊ, घोड्याला बिस्किट लागतं व्हय?"

दादांनी माझ्याकडे पाहिलं. काकानं पाहिलं. मंगलनं तोंडावर हात ठेवला. आणि आईनं पाहिलं ते घोड्याकडे, खूप वेळ. करंडीत तोंड घातलेला बादल मान हलवत होता आणि करंडी त्याच्या तोंडाला टोपीसारखी अडकली होती.

"किती डबा?" आईनं विचारलं.

"सगळा," मी म्हणालो.

"म्हणजे त्यात ओट नव्हतेच?"

"नव्हते."

मला वाटलं आता मार बसेल. पण आईच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, आणि ती हसायला लागली. आधी नुसते खांदे, मग आवाज, मग ती झेंडूच्या ढिगावर मटकन खाली बसली आणि पोट धरून हसत राहिली. तिला बघून मंगल, मग काका, काकाला तर उचकी लागली. शेजारचे फुलवाले विचारायला आले आणि कळल्यावर तेही. दादांनी शेवटपर्यंत तोंड गंभीर ठेवायचा प्रयत्न केला. "थांबा," ते म्हणाले, "थांबा जरा. म्हणजे हिनं पेपर दिलाच नाही. आणि आपण नापास केलं." एवढं म्हणून त्यांनाही आवरेना.

आई झटकन उठली. "रामभाऊ, टांगा मोकळा आहे का? दिघेबाईंकडे जायचंय. आत्ताच्या आत्ता."

"अगं, अशी?" दादा म्हणाले. तिचे हात कोपरापर्यंत झेंडूनं पिवळे झाले होते, केसांत पाकळ्या होत्या, साडीला चिखल.

"अशीच. त्यांनी दुसरी बघितली तर?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू चल. सांगणार तूच आहेस."

टांगा सुटला तो वाऱ्यासारखा. बादलला मी मागे बसलोय हे कळत असावं, किंवा आपण कुठे चाललो आहोत याबद्दल त्याची स्वतःची काही कल्पना असावी. मंडपांच्या मधून, ढोलांच्या मधून, रामभाऊ लगाम ओढतोय आणि घोडा ऐकत नाही, आई एका हातानं टपाचा दांडा धरून दुसऱ्या हातानं केसांतल्या पाकळ्या काढतेय, आणि मी रडतोय की हसतोय ते माझं मलाच कळत नाही. आणि बेकरीपुढं आल्यावर बादल थांबला. गच्च. रामभाऊ खाली उतरला, ओढला, ढकलला, विनवण्या केल्या. करीमचाचा बाहेर आले.

"फिर आया," ते म्हणाले. मग त्यांना टांग्यात आम्ही दिसलो. त्यांनी आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "बेटा, सांगितलं नाहीस ना?"

"आत्ता कळलं, चाचा," आई म्हणाली. "तुमच्यावर मी उगाच संशय घेतला असता. घेतला नाही, पण घेतला असता."

"तो तर सगळेच घेतात, ताई," चाचा म्हणाले आणि आतून एक खारी आणून घोड्याच्या तोंडात दिली. मगच तो हलला.

बालवाडीलाही सुट्टी होती, दिघेबाई घरी पूजेला बसल्या होत्या. पिवळ्या हातांची बाई आणि डोळे सुजलेला मुलगा दारात बघून त्या तशाच उठून आल्या. आई म्हणाली, "बाई, परवा मी नाही म्हणाले, ते परत घ्यायला आलेय." बाई म्हणाल्या की एका मुलीला त्यांनी कालच निरोप पाठवलाय, तिचं उत्तर संध्याकाळपर्यंत यायचंय. आईचा हात माझ्या खांद्यावर होता आणि तो जड झालेला मला कळत होता. मग मी सांगितलं, सुरुवातीपासून, दादांची अट, ओट, घोडा, चाचांचा मैदा. एक गोष्ट सोडून सगळं. बाई ऐकत होत्या. मध्येच त्यांनी विचारलं, "पण का रे घातलेस घोड्याला?" आणि मी म्हणालो, "लाज वाटली." तो खोटेपणा तिथे, त्या दारात, आईचा हात खांद्यावर असताना जन्माला आला आणि आजपर्यंत जगला. तिचा हात खांद्यावरून निघून माझ्या डोक्यावर आला आणि तिथंच राहिला. ती त्या वेळी काय समजली होती, हे मी तिला कधी विचारलं नाही. विचारायला वर्षं भरपूर होती.

त्या दुसऱ्या मुलीला म्हसरूळ गावात दुसरं काम मिळालं होतं. संध्याकाळी बाईंनी निरोप पाठवला, सोमवारपासून या.

मग रविवारी आत्या नवे दोन पुडे घेऊन आली, आणि या वेळी भाजणं, भरडणं, मळणं, सगळं माझ्याकडून करून घेतलं. आई बाजूला खुर्चीवर बसून फक्त सांगत होती, आणि काका शेजारी बसून तिचं सांगणं दुप्पट करून सांगत होता. "खालून हलव. अरे, खालून. घोड्याला कच्चं चालेल, मला नाही." बेकरीत चाचांनी स्वतः माझ्या हातातला डबा घेतला आणि भट्टीजवळ जाईपर्यंत पोटाशी धरून ठेवला. रामभाऊसाठी आत्यानं एक पुरचुंडी वेगळी दिली होती, ती मी बादलला सर्वांसमोर खाऊ घातली. बिस्किटं झाली ती काळपट, जाडीभरडी, कडा वेड्यावाकड्या. दादांनी एक तोडलं, चावलं, बराच वेळ चावलं. "हे खाल्लं की बोलता येत नाही," ते म्हणाले. "हा एक फायदा. भावाला चार दे."

सोमवारी सकाळी दादा आणि काका गेले, मंगल गेली, आणि आठ वाजता आईनं ती घडी घातलेली साडी काढली. निघताना म्हणाली, "तीन खा. भूक लागली तर आणखी आहेत." आणि ती गेली. चूल थंड होती. मी पाटावर बसून तीन बिस्किटं खाल्ली, दूध प्यालो, वर्तमानपत्र उघडलं आणि मनातल्या मनात वाचलं. एका गृहस्थांची काठी बसमध्ये राहिली होती. नऊ वाजले. मी भूक लागायची वाट बघत होतो. लिहायला लाज वाटते, पण खरंच बघत होतो, कारण भूक लागली असती तर मला संध्याकाळी ते सांगता आलं असतं. साडेनऊला टेम्पोचा आवाज आला आणि डबा न घेता पुढे गेला. दहा वाजले. मी अंगणात वीस उड्या मारल्या. पोटावर हात ठेवून पाहिलं. साडेदहाला दप्तर भरलं, आणि पोट भरलेलंच होतं.

संध्याकाळी शाळेतून आलो तेव्हा आई दारातच उभी होती. दादा-काकांना आणि मंगलला तिनं आधीच विचारून झालेलं असणार, आता माझी पाळी होती. माझ्या पाठीवरचं दप्तर काढून घेण्याआधीच तिनं विचारलं, "भूक लागली होती का रे, विजू?"

"नाही लागली," मी म्हणालो.

"खरं?"

"खरंच नाही. साडेदहापर्यंत बघितलं."

तिनं दप्तर घेतलं, पण आत ठेवलं नाही. ते कडेवर घेतल्यासारखं धरून उंबऱ्यावरच बसली आणि सांगायला लागली, की तिच्याकडे बावीस मुलं आहेत, त्यातल्या एकानं पहिल्याच दिवशी तिच्या पदराला गाठ मारली आणि सोडायला तयार नव्हता, आणि एक मुलगी आहे ती सगळ्यांना अहो म्हणते, मांजरालासुद्धा, आणि मी विचारलं मांजर काय म्हणतं, तर दिवे लागले तरी ती सांगतच होती.